ग्यानबाचं उत्तर

जिंतूरच्या जिनिंगमध्ये मी काट्यावर कापूस तोलायचो, तेव्हाचा हा फिटर. एरवी दिवसभर मुका. पण सरकी काढणारी सगळी यंत्रं एकाच इंजिनावर फिरायची, म्हणून सकाळी इंजिन सुरू करण्याआधी तो प्रत्येक गड्याला नावानं हाक मारी. "हाय!" असं उत्तर आल्याशिवाय पुढचं नाव घेत नसे. सगळ्यात शेवटी ग्यानबाला हाक मारी. ग्यानबा मागच्या हंगामातच इंजिनाच्या पट्ट्यात सापडून वारला होता. तरी फिटर कान देऊन थांबे, मान हलवी, मगच हँडल मारी.

एका सकाळी ग्यानबाच्या यंत्रावरचा नवा गडीही "हाय!" म्हणाला. फिटरनं ग्यानबाला हाक मारली, थांबला आणि हँडल सोडलं.

"ग्यानबा बोलंना. बघा जरा."

आम्ही हसतच गेलो. नव्या गड्याचा हात कोपरापर्यंत यंत्रात होता, अडकलेला कापूस काढायला. तो बाहेर आला, तेव्हा फिटरनं पुन्हा हाक मारली, मान हलवली, इंजिन सुरू केलं.

दुपारी चहा पिताना मी दबकत विचारलं, "ग्यानबा रोज बोलतो?"

त्यानं कप खाली ठेवला.

"म्हंजी? तुमाला ऐकू येत न्हाई?"