गुडघ्यापर्यंतचा समुद्र

शाळेच्या ऑफिसात फोन आला तेव्हा दुसरा तास चालू होता. पलीकडून गणपतराव एवढंच म्हणाले, "शैलाबाई, ही गेली... चहा घेऊन खुर्चीत बसली, मंग उठलीच न्हाई." 'ही' म्हणजे त्यांच्या पत्नी, आमच्या कुसुमबाई. भोकरदनच्या शाळेत आम्ही दोघींनी सतरा वर्षं बरोबर शिकवलं. आता तीन महिने होत आले, पण बाईंबद्दल लिहायला बसले की रडू यायच्या आधी मला समुद्रच दिसतो.

बाई मूळच्या धावड्याच्या. पाचवीला भूगोल शिकवायच्या. भरती-ओहोटी शिकवताना एका मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही पाह्यला का समुद्र?" बाई मधल्या सुट्टीत मला म्हणाल्या, "शैला, मी खोटं बोलू शकले न्हाई गं. आता जायचंच." आणि ऑगस्टात जोडून सुट्ट्या आल्या तशा आम्ही चार शिक्षिका निघालो. पावसाळ्यात कुणी समुद्रावर जातं का, असं सगळ्यांनी विचारलं. पण आमच्या सुट्ट्या तेव्हाच होत्या, आणि खरं सांगायचं तर आम्हाला काही कळत नव्हतं! एसटीत गाणी, भेंड्या, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. घाट उतरताना धुक्यातून पहिल्यांदा ती राखाडी रेघ दिसली, तेव्हा आम्ही चौघी एकदम ओरडलो. कंडक्टर दचकून मागं बघायला लागला.

रत्नागिरीच्या पुढचं ते छोटंसं गाव होतं. मी आणि आमच्यातली मंगल चपला हातात घेऊन पाण्याकडे पळत सुटलो. बाई मात्र आधी गेल्या त्या जाळं विणत बसलेल्या एका कोळणीकडे. "मावशी, आम्ही लांबून आलोत. इथं कुठं उतरायचं न्हाई, ते सांगा." मावशी हसली. म्हणाली, "या दिवसांत आमीबी होड्या वर ओढून ठेवताव. जिथं लाट फुटत नाय, पाणी गप दिसतं, तिथं जाव नको. तिथनं पाणी माघारी जातं. आणि ओढलंच, तर किनाऱ्याकडं झटापट करायची नाय. अंग सैल सोडायचं नि बाजूबाजूनं सरकायचं." बाईंनी आम्हाला रांगेत उभं करून हे सगळं वर्गातल्यासारखं दोनदा म्हणून घेतलं. "गुडघ्याच्या वर बिलकुल न्हाई! समजलं?"

समजलं होतं. पण मी वाटूरची, विहिरीत उड्या मारत वाढलेली. लाटांनी पायाखालची वाळू ओढली की अंगभर गुदगुल्या व्हायच्या. हसता हसता मी बाजूला सरकत गेले, आणि एका ठिकाणी पाणी छान शांत दिसलं. तिथं कमरेपर्यंत उतरले... आणि पायाखाली काहीच उरलं नाही.

विहिरीतलं पाणी माणसाला कुठं नेत नाही. हे पाणी मला नेत होतं. मी जीव खाऊन हात मारत होते आणि किनारा लांबच जात होता. नाकातोंडात पाणी गेलं. मंगल पदर खोचून पाण्यात धावली, ते मला दिसलं. बाईंनी तिला दंडाला धरून मागं खेचलं आणि आमच्यातल्या उरलेल्या शिक्षिकेला कोळ्यांच्या झोपड्यांकडं पिटाळलं. मग त्या ओरडू लागल्या, पण लाटांच्या आवाजात शब्द पोचेनात. तेव्हा बाईंनी आपली काळी छत्री उघडली, डोक्यावर उंच धरली आणि किनाऱ्याच्या कडेनं माडांच्या दिशेला धावायला लागल्या. पन्नाशीच्या जवळ आलेली बाई, नऊवारी नाही तरी साडीच, वाऱ्यानं उलटी झालेली छत्री... थांबायच्या, माझ्याकडं बघून छत्री हलवायच्या, परत धावायच्या.

मला कळलं. मी झटापट थांबवली, पाठीवर पडले आणि छत्रीच्या मागंमागं बाजूला सरकत राहिले. किती वेळ, सांगता येणार नाही. एकाएकी ओढ सैल पडली, मागून लाट आली आणि तिनं मला किनाऱ्याकडं ढकललं. तोवर दोन कोळी पळत आले होते. त्यांनी दोरीला बांधलेला रिकामा डबा फेकला, तो मी कवटाळला. वाळूवर पडून मी पाणी ओकत होते आणि बाई माझी पाठ चोळत म्हणत होत्या, "बराबर केलंस. बराबर केलंस."

रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र माझा हात धरून परत तिथंच घेऊन गेल्या. मी कोरड्या वाळूवरच अडून राहिले. "अशीच घरी गेलीस तर जन्मभर भिशील," त्या म्हणाल्या. आम्ही घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिलो. मग एक लाट आली, दोघी नखशिखान्त भिजलो, आणि बाई लहान मुलीसारख्या किंचाळल्या!

पुढं कित्येक वर्षं पाचवीच्या वर्गात भरती-ओहोटीचा तास आला की बाई मला बोलवून घ्यायच्या. "ह्या बाई समुद्रात जाऊन आल्यात. विचारा त्यांना." मुली डोळे विस्फारून ऐकायच्या.

यंदा दिवाळीनंतर, आभाळ निवळल्यावर, मी गणपतरावांना घेऊन त्याच गावी गेले. ते आधी येईनात. आयुष्यात औरंगाबादच्या पुढं न गेलेला माणूस. समुद्र शांत होता, माणसं जिथं पोहत होती तिथंच आम्ही उतरलो. धोतर वर खोचून गणपतराव पाण्यात उभे राहिले, एक छोटी लाट त्यांच्या तोंडावर उडाली आणि ते हसायला लागले. बाई गेल्यापासून पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहत होते.

"शैलाबाई, पाणी इतकं खारट असतं? कमाल झाली! थांबा, घरी गेल्यावर हिला सांगतो..."

बोलता बोलता त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. तेवढ्यात मोठी लाट आली, आणि आम्ही दोघांनी एकमेकांचे हात घट्ट धरले.