जागेवरची जबाबदार व्यक्ती

बाबिकर अल-तैय्यिबला आयुष्यात कुणाला नाही म्हणता आलं नाही. मला त्याचा फार राग यायचा, आणि त्याच स्वभावाचा फायदाही मीच सगळ्यात जास्त घेतला.

तो आमच्या कंपनीचा मंदूब. म्हणजे मालकाचे कागद घेऊन सरकारी खिडक्यांवर उभा राहणारा माणूस. दुबईच्या आमच्या मुक्त क्षेत्रात जाहिराती आणि सिनेमे करणाऱ्या कंपन्या खच्चून भरल्या आहेत, आणि प्राधिकरणाच्या परवान्याशिवाय इथे कुणी कॅमेऱ्याचं झाकणसुद्धा काढत नाही. बाबिकर एकोणीस वर्षं त्या खिडक्यांवर होता. खिडकीमागच्या माणसांच्या मुलांची नावं त्याला पाठ होती. रोज सकाळी थर्मासमधून आल्याची कॉफी आणायचा आणि ती प्यायल्याशिवाय मला कामाला हात लावू द्यायचा नाही.

परवान्याच्या अर्जात एक रकाना असतो: जागेवरची जबाबदार व्यक्ती. तिथे चित्रीकरणावर हजर राहणाऱ्याचं नाव हवं. पण नव्या माणसाचे कागद तपासून व्हायला तीन दिवस जातात, आणि बाबिकरचे कधीचे तपासून झालेले. त्यामुळे प्रत्येक अर्जात आम्ही त्याचंच नाव टाकायचो. आम्ही कसले, मीच टाकायचो, कारण अर्ज मी भरत होतो. तो म्हणायचा, "लिही रे उस्ताद. नाव काय झिजतंय थोडंच?" मी इथे आल्यापासूनच्या सहा वर्षांत त्याने एकही चित्रीकरण डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

त्याचं सगळं या नोकरीवर उभं होतं. सुदानच्या युद्धात ओम्दुर्मानचं घर गेलं, तेव्हा बायको आणि मुलगी तस्नीम त्याच्या व्हिसावर शारजाच्या दोन खोल्यांत आल्या. नोकरी गेली तर व्हिसा जाणार, आणि मग तिघांनी कुठे जायचं हे विचारायची हिंमत आमच्यात कुणाला नव्हती. तस्नीम बारावीला होती.

त्या मंगळवारी मी त्याच्यासोबत गेलो, तेव्हा खिडकीवर नवी तपासनीस बसली होती. शम्मा नावाची तरुण मुलगी, इथलीच. तिने पडद्यावरून नजर न उचलता विचारलं, की गुरुवारी तीन जागी चित्रीकरण आहे आणि तिन्ही जागी जबाबदार तुम्हीच, हे कसं काय?

"माझे पाय लांब आहेत, पोरी," बाबिकर म्हणाला.

ती हसली नाही. त्याच्या नावावरचे जुने परवाने तिने छापून काढले. यंत्र बराच वेळ कागद ओकत राहिलं. मग तिने तो गठ्ठा नीट केला आणि म्हणाली, "काका, गुरुवारी मी तपासणीला येणार. कुठे ते सांगणार नाही. जिथे येईन तिथे तुम्ही दिसायला हवेत."

परतलो तसे आम्ही थेट मालकाच्या खोलीत गेलो. बाबिकरने आयुष्यात पहिल्यांदा मालकाकडे काही मागितलं: दोन अर्जांवरचं माझं नाव काढा. आमचा मालक तान्नूस लेबनॉनचा, गोडबोल्या. त्याने बाबिकरच्या खांद्यावर हात टाकला, तू तर आम्हाला बापासारखा म्हणाला, नाव बदललं तर गुरुवार हातचा जाईल म्हणाला. आणि दारापर्यंत सोडायला येऊन सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझा व्हिसा पुढच्या महिन्यात नवा करायचाय ना रे?"

अर्ज मागे घ्यायचं बटण माझ्या पडद्यावर होतं. मी ते दाबलं नाही. मलाही नोकरी हवी होती. मी भित्रा आहे, हे आज सरळ सांगतो.

गुरुवारी सकाळी मी त्याला गोदामातल्या सेटवर नेलं. तिथे दुमजली लाकडी सज्जा उभारला होता आणि त्यावर चौदा मुली नाचणार होत्या. बाबिकरचा हिशोब साधा होता: जिथे धोका जास्त, तिथेच ती पोरगी येणार. बाकीच्या दोन जागांपैकी एक स्टुडिओ होता आणि दुसरी वाळवंटातली गाडीची जाहिरात. तिकडे सगळी माणसं जुनी आहेत, असं आम्ही एकमेकांना सांगितलं.

आत शिरताच त्याने सज्ज्याचा खांब धरून हलवला. खांब हलला. दिग्दर्शक घाईत होता. दहा मिनिटांचं तर काम आहे, म्हणाला.

"परवान्यावर माझं नाव आहे," बाबिकर म्हणाला. "मी नाही म्हणतोय."

तो शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मुली खाली उतरल्या, सुतार आले. दिग्दर्शकाने तान्नूसला फोन लावून आरडाओरडा केला, तरी बाबिकर खांबापाशीच उभा राहिला. अकराच्या सुमाराला शम्मा आली. तिने खांब पाहिला, सुतारांशी बोलली आणि बाबिकरकडे वळून म्हणाली, "बरं केलंत, काका." त्याचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ऐकून घेऊन तिने आम्हाला सांगितलं, की वाळवंटात कॅमेऱ्याची गाडी उतारावर उलटली आणि कॅमेऱ्याचा मदतनीस तिच्याखाली सापडून जागीच मेला. फोन अजून चालूच होता. पलीकडचा पोलीस जबाबदार व्यक्ती कुठे आहे ते विचारत होता.

"माझ्यासमोरच उभे आहेत," शम्मा म्हणाली.

बाबिकरने कुणी मागायच्या आत ओळखपत्र काढून तिच्या हातात दिलं. मग माझ्या अगदी जवळ येऊन, रोज कॉफी देताना बोलायचा त्याच आवाजात म्हणाला, "घाबरू नकोस, उस्ताद. अर्ज कुणी भरला असं विचारलं, तर मीच भरला म्हणून सांगेन."

मी मान डोलावली.