अटी व शर्ती वाचणाऱ्या मावशी

मोबाईलमधल्या अटी आणि शर्ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मगच ‘मान्य’वर बोट ठेवणारी पृथ्वीच्या पाठीवर एकच व्यक्ती आहे, आणि ती माझ्या बायकोची सख्खी मावशी आहे. ज्या वकिलांनी त्या अटी लिहिल्या त्यांनीही त्या पुन्हा वाचल्या नसतील. मावशींनी त्या छापून काढून, समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्हं टाकत वाचल्या आहेत. दापोडीत रेल्वेरुळांच्या बाजूच्या गल्लीत, दोन खोल्यांत त्या एकट्या राहतात आणि पुण्यातल्या एका छोट्या संस्थेत इंटरनेटचे कायदे आणि तंत्रज्ञानाची धोरणं यांवर संशोधन करतात. हे वाक्य मी आता सफाईने लिहिलं खरं, पण लग्नानंतरची पहिली दोन-तीन वर्षं त्या नक्की काय करतात हे मलाही सांगता येत नव्हतं. नातेवाइकांनी आपापल्या सोयीने अर्थ लावून टाकला होता. ‘इंटरनेटचं काहीतरी करते’ एवढं कळल्यामुळे कुणाचाही वायफाय बंद पडला की फोन मावशींना. चिंचवडच्या मामांचा तर आजही ठाम समज आहे की नेटवर्क जातं ते मावशींच्या ऑफिसमधूनच. मावशी कधी रागावत नाहीत. “बंद करून पुन्हा चालू करा,” म्हणतात, आणि ते चालू झालं की शांतपणे विचारतात, “आता ही कंपनी तुमची कोणकोणती माहिती ठेवते, ते वाचलंत का?” तोवर समोरच्याने फोन ठेवलेला असतो.

त्यांच्या घरी भिंतीला टेकून कागदांच्या चळती उभ्या आहेत. पाहुण्याला बसायला जागा हवी असेल तर आधी एखादं खाजगीपणाचं धोरण उचलून पलंगाखाली सरकवावं लागतं. वाचनात त्या इतक्या बुडतात की कुकरच्या शिट्ट्यांऐवजी कलमं मोजतात. सातव्या कलमाला भाताची खीर झालेली असते, आणि ती त्या लोणच्याबरोबर खातात. बसमध्ये वाचतात, दातांच्या डॉक्टरकडे वाचतात. माझ्या मेहुणीच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना एका हाताने अक्षता टाकत त्या दुसऱ्या हातातलं पान उलटत होत्या, हे व्हिडिओत स्पष्ट दिसतं. आणि बोलायला त्यांना एकच शब्द पुरतो: कशासाठी. पिंपरीच्या एका साडीच्या दुकानात बिल करताना काउंटरवरच्या मुलीने मोबाईल नंबर मागितला. मावशींनी विचारलं, “कशासाठी?” मुलगी म्हणाली, “मॅडम, नंबरशिवाय सिस्टीम पुढे जात नाही.” मावशी म्हणाल्या, “साडी मला न्यायची आहे. सिस्टीमला न्यायची नाही.” मागे रांग वाढत चालली होती. मी त्यांना ओळखत नसल्यासारखा टॉवेलांच्या ढिगाकडे बघत उभा राहिलो. शेवटी मालक स्वतः उठले, जुनं बिलबुक शोधून फुंकर मारून धूळ उडवली आणि हाताने बिल लिहून दिलं. मग मागच्या दोन बायकाही म्हणाल्या, “आम्हालाही असंच द्या.”

त्या दिवशी मी टॉवेल बघत होतो याची मला लाज वाटायची वेळ गेल्या वर्षी आली. मी चाकणला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. आमच्याकडे हजेरीचं जुनं मशीन निघालं आणि मोबाईलमधलं अॅप आलं. गेटच्या आत यायचं, मोबाईलला चेहरा दाखवायचा, हजेरी लागली. माझ्या लाइनवरच्या सगळ्यांना अॅप घ्यायला लावायचं काम माझ्याकडे होतं. “इंग्लिशमधलं काय वाचत बसताय राव, खाली ‘हो’ दाबा,” असं मीच प्रत्येकाला म्हणालो. त्यात एक ऑपरेटर होता, त्याला आपण सुदाम म्हणू. परभणीकडचा माणूस, अकरा वर्षांत एकदाही उशिरा न आलेला. एका सोमवारी त्याच्या हातात नोटीस पडली. अॅपमधल्या नोंदीप्रमाणे साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी तो ताथवड्यातल्या दुसऱ्या एका कंपनीच्या गेटजवळ तीन तास होता, म्हणजे तो चोरून दुसरीकडे काम करतो. सात दिवसांत खुलासा करावा, नाहीतर कामावरून कमी करण्यात येईल. खरं म्हणजे सुदामच्या मुलीची त्या दिवशी तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेशपरीक्षा होती. ती आत पेपर लिहीत असताना हा बाहेर चहाच्या टपरीवर बसून होता, आणि ती टपरी नेमकी त्या कंपनीच्या भिंतीला लागून होती. हे त्याने परोपरीने सांगितलं. आमचे मॅनेजर म्हणाले, “सिस्टीममध्ये दिसतंय ना.” सिस्टीमला परीक्षा दिसली नव्हती.

मी सुदामला स्कूटरवर घालून दापोडीला नेलं. मावशींनी नोटीस हातात घेतली, बाजूला ठेवली आणि आधी विचारलं, “मुलीला पेपर कसा गेला?” नोटीस आल्यापासून हा प्रश्न सुदामला कुणीच विचारला नव्हता. “बरा गेला म्हणती,” तो म्हणाला, आणि मग डोळे पुसत पुढे म्हणाला, “मावशी, म्या ते काहीच वाचलं नव्हतं बघा. समदे दाबत होते, म्याबी दाबलं.” मावशींनी माझ्याकडे बघितलं नाही. तेवढा मोठेपणा त्यांच्याकडे आहे. मी म्हणालो, “कायद्याने काही करता येईल का?” त्या म्हणाल्या, “कायदा नंतर. आधी कंपनीने स्वतः काय लिहून दिलंय ते बघू.”

अॅपच्या अटी आणि कंपनीने अॅपवाल्यांशी केलेला करार, असं सगळं बाड मी ऑफिसातून आणून दिलं आणि चार दिवस त्यांनी ते वाचलं. पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मला फोन आला. “जावईबापू, पान एकोणतीस, खालून तिसरी ओळ.” आवाजात अशी खुशी होती की जणू नातू झाला. त्या ओळीत लिहिलं होतं की कामगार कुठे आहे याची नोंद फक्त कामाच्या वेळेत आणि कारखान्याच्या आवारातच घेतली जाईल. म्हणजे ज्या माहितीवर नोटीस उभी होती, ती घेणार नाही असं आधीच कबूल केलेलं होतं, आणि ते वाचलेलं कुणीच नव्हतं. कामगारांनी नाही, मी नाही, आणि ते विकत घेणाऱ्या साहेबांनी तर नाहीच. मावशींनी सुदामच्या नावाने मराठीत एक पानाचं पत्र लिहिलं. माझी कोणती माहिती ठेवली आहे, कधीपासून, आणि कशासाठी, एवढंच त्यात विचारलं होतं. सोबत पान एकोणतीस. सुदामने सही केली. दुसऱ्या दिवशी मॅनेजरनी त्याला बोलावून विचारलं, “हे कुणी लिहून दिलं?” तो म्हणाला, “मावशीनं.” मॅनेजर म्हणाले, “आण तुझ्या मावशीला.” त्यांना वाटलं असावं, लुगड्यातली कुणी म्हातारी येईल, चहा पाजून परत पाठवू.

मावशी आल्या, पण गेटवर अडल्या. पाहुण्याचा फोटो काढून मगच आत सोडायची आमच्याकडे पद्धत आहे. वॉचमन शेजारच्याच गावातला. “म्याडम, फोटू काढल्याबिगर आत जाता येत न्हाई,” तो म्हणाला. मावशींनी त्यांचा तो शब्द उच्चारला. वॉचमनने जरा विचार केला आणि म्हणाला, “ते आमाला बी कुणी सांगितलं न्हाई.” मग त्याने कपाटातून जुनी वही काढली आणि मावशींनी तीत वळणदार अक्षरात नाव लिहिलं.

वरच्या खोलीत मॅनेजर होते, सुदाम होता आणि सुपरवायझर म्हणून मी. माझी नोकरीही त्या टेबलावर होती, हे मला खुर्चीत बसल्यावर कळलं. मॅनेजरनी विचारलं, “तुम्ही वकील आहात का?”

“नाही,” मावशी म्हणाल्या. “मी वाचते.”

त्यांनी पान एकोणतीस पुढे सरकवलं. मॅनेजरनी ते वाचलं, परत वाचलं. म्हणाले, “हे अॅपवाल्यांचं आहे, आमचा काय संबंध?” मावशी म्हणाल्या, “शेवटच्या पानावर तुमची सही आहे.” मग थोडं थांबून त्यांनी अगदी घरगुती आवाजात विचारलं, “तुमची हजेरीही याच अॅपवर लागते ना? म्हणजे परवाच्या सुट्टीत तुम्ही कुठे होता, तेही यात असेल.” मॅनेजरनी टेबलावरचा आपला मोबाईल उचलला आणि उलटा ठेवला. मी तेव्हा, का कोण जाणे, बोललो. म्हणालो, “सर, न वाचता ‘हो’ दाबायला यांना मीच सांगितलं होतं. चूक असेल तर माझी आहे.” मावशींनी पहिल्यांदाच माझ्याकडे असं बघितलं, जसं त्या एखाद्या चांगल्या कलमाकडे बघतात.

आम्ही जिंकलो. अर्धंमुर्धं नव्हे, पुरतं जिंकलो. नोटीस त्याच आठवड्यात लेखी मागे घेतली गेली. शिफ्ट सुटली की अॅपचं लक्षही सुटू लागलं. आणि मावशींच्या हट्टाखातर सगळ्या अटी सोप्या मराठीत लिहून कँटीनच्या भिंतीवर लावल्या गेल्या. दोन दिवस तिथे अशी गर्दी होती की चहा घेऊन माणसं उभ्याने कलमं वाचत होती आणि मधल्या सुट्टीनंतर लाइन उशिरा सुरू झाली म्हणून प्रॉडक्शनवाल्यांनी माझ्याकडे तक्रार केली. एका फिटरने तर शुद्धलेखनाच्या दोन चुका काढून दिल्या. पुढे सुदामच्या मुलीला त्याच ताथवड्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, त्याने सगळ्या लाइनला पेढे वाटले, आणि तेव्हापासून मोशीपासून चाकणपर्यंत कुणालाही कसलंही अॅप घ्यायला सांगितलं की तो माणूस मान वर करून म्हणतो, आधी वाचायला द्या.

मावशींनी या सगळ्यावर संस्थेसाठी एक अहवाल लिहिला. छापून आला तेव्हा त्याची एक प्रत सुदामला द्यायला मी त्याला पुन्हा दापोडीला नेलं. त्याने पानं चाळली, परत चाळली. म्हणाला, “मावशी, यात माझं नाव कुठंय?” मावशींनी समजावलं, की नाव मुद्दामच घातलेलं नाही, ‘एक कामगार’ एवढंच लिहिलंय, त्यातच त्याचं भलं आहे. कुणी शोधत आलं, उद्या दुसरीकडे नोकरी मागायला गेला, तर हे नाव आड येऊ नये. सुदामने मान हलवली. त्याला पटलं होतं. तरी प्रत मांडीवर ठेवून तो हळूच म्हणाला, “न्हाई, बरोबरच हाय. बापाला दाखवलं असतं, एवढंच. त्येला वाचता येत न्हाई, पण माझं नाव वळखतो.”

मावशींनी आयुष्यभर लोकांची नावं जपून, झाकून ठेवली होती. त्या दिवशी मात्र त्यांनी प्रत त्याच्या मांडीवरून घेतली, पेन उघडलं आणि पहिल्या पानावर त्याचं पूर्ण नाव लिहिलं. त्याचं, बापाचं, आडनाव, गावासकट, मोठ्या अक्षरांत. शाई वाळेपर्यंत त्यावर हलकेच फुंकर घालत राहिल्या.

“अशी ही एकच प्रत आहे,” त्या म्हणाल्या. “गावाला सांभाळून न्या.”