जॅकचा दांडा

गाडी खाली येताना कसलाच आवाज झाला नव्हता. हे आठवलं की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

तेव्हा मी सुरतेत भेस्तान भागात पोलीस निरीक्षक होते. दसऱ्याच्या सकाळी एका रो-हाऊससमोर एक माणूस स्वतःच्या मोटारीखाली चिरडून मेल्याची खबर आली. माणूस खानदेशातला, कापडाच्या लूम कारखान्यात मास्टर. गाडीखालचा पत्रा सैल झाला होता, तो आवळायला त्याने ट्रॉली जॅकने पुढची बाजू उचलली आणि खाली सरकला. आधाराला स्टँड नाही, लाकडाचा ठोकळाही नाही. बायको चहा घेऊन आली, तेव्हा गाडी खाली आलेली होती. अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा झाला, गाडी आणि जॅक ठाण्यात आणले.

दुपारी निनावी फोन आला. "मॅडम, तो अपघात नाही. त्याचा धाकटा भाऊ सकाळी गाडीपाशी उभा होता. मी पाहिलंय."

धाकट्याने जातीबाहेर लग्न केल्यापासून दोघे भाऊ बोलत नव्हते. मी त्याला बोलावून घेतलं. आधी म्हणाला, "मी घरीच होतो." साधा माणूस खोटं बोलताना टेबलाच्या कडेकडे बघतो. हाही बघत होता. मी म्हटलं, "पुन्हा सांग. पहिल्यापासून."

तासाभराने बोलला. "दसरा म्हणून समेट करायला गेलो होतो. दादाचे पाय तेवढे दिसत होते. माझी चाहूल लागली तसं गाडीखालून त्याने विचारलं, 'कोन शे रे?' मी तसाच परत फिरलो."

"हात लावलास का कशाला?"

"आईची शपथ, नाही."

जॅक खराब असता तर हा सुटला असता. मी मेकॅनिक बोलावला. पंचांसमोर त्याच जॅकने तीच गाडी उचलली. अर्धा तास आम्ही सगळे बघत उभे राहिलो. गाडी बोटभरही उतरली नाही. म्हणजे कोणीतरी जॅक सोडला होता. हवालदार धाकट्याकडे बघून म्हणाला, "अब बोल, भाई." मी खुनाच्या कलमाची तयारी करायला सांगितली.

मेकॅनिक मात्र आपला पाईप फडक्यात गुंडाळता गुंडाळता कुरकुरला, "मॅडम, आनो दांडो क्यां छे? मी माझा पाईप लावला. दांडा फिरवल्याशिवाय हा उतरत नाही."

मी पंचनामा काढून वाचला. जॅक होता, दांडा नव्हता. ही चूक माझी.

दुसऱ्या दिवशी त्या घरी गेले. सुतक होतं, देवघराला कोणी हात लावला नव्हता. पाटावर नट आवळायचे पाने, पक्कड, कात्री मांडलेली आणि मध्ये जॅकचा दांडा. त्यावर हळदकुंकू, सुकलेला झेंडू.

म्हातारी आई भिंतीला टेकून बसली होती. मी विचारलं, "हा कोणी आणला, आजी?"

"मीच. हत्यारांची पूजा नको का? त्याला म्हटलं, दांडा नेते रे. तो खालून म्हणाला, 'ने.'"

"काढला कसा?"

तिने दोन्ही हात पुढे केले, मुठी वळल्या आणि हवेत पिळल्या. "अडकत होता. थोडा पिळला, मग निघाला."

माझ्यासोबतची महिला पोलीस खाली बघू लागली.

ठाण्यात पुन्हा चाचणी घेतली. दांडा जरासा पिळून काढला आणि सगळ्यांना दूर केलं. गाडीपाशी कोणीच नव्हतं. गाडी सावकाश खाली येत होती. बॉनेटवरचा झेंडूचा हार तेवढा हलत होता. अंगणातून देवघरापर्यंत चालत जायला लागेल, तेवढ्या वेळात ती जमिनीपाशी आली.

धाकट्याने ते पाहिलं आणि माझ्यासमोर हात जोडले. "मॅडम, मीच केलं असं लिहा. आईला कळू देऊ नका."

"खोटा जबाब मी लिहीत नाही," मी म्हटलं. "घरी जा. तोंड धू."

जबाब घेतला की तो वाचून दाखवावा लागतो. मी म्हातारीसमोर बसून प्रत्येक वाक्य वाचलं. दांडा पिळला, गाडी उतरली, मुलगा खाली होता. गाळायचं म्हटलं असतं तर गाळता आलं असतं. पण मग धाकटा आयुष्यभर संशयित राहिला असता.

वाचून झाल्यावर तिने माझ्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं. मग विचारलं, "हाई लिखं तं मंग धाकला सुटी ना?"

"सुटेल."

"मंग लिखी ल्या."

भांडण दिसलं की आम्ही खुनी शोधायला लागतो. त्या प्रकरणानंतर मी आधी वस्तू मोजत आले, माणसं नंतर. आणि आता निवृत्त झाल्यावरही शेजारीपाजारी कोणी जॅक लावताना दिसला की स्पष्ट सांगते: जॅक गाडी उचलतो, धरून ठेवत नाही. सपाट जमीन, चाकांना दगड, हँडब्रेक, दोन्ही बाजूंना स्टँड आणि दांडा स्वतःच्या ताब्यात. त्याशिवाय डोकं आत घालायचं नाही. लोक हसतात, म्हणतात, मॅडमची पोलिसगिरी अजून गेली नाही. हसू देत. मी स्टँड लागेपर्यंत तिथून हलत नाही.