सुंठीच्या बिस्किटांचं घर

नाताळात परतूरच्या आमच्या भाड्याच्या घराच्या खिडकीत आणखी एक घर उभं राहायचं, सुंठ आणि गूळ घातलेल्या बिस्किटांचं. पप्पांची आई मिशनच्या दवाखान्यात कामाला होती. तिथल्या एका मडमेकडून ती ते शिकली आणि तिच्याकडून पप्पा. आता मोबाइलवर तसली घरं दिसली की मला हसू येतं. उतरतं छप्पर, वर साखरेचा बर्फ. पप्पा म्हणायचे, "इथं कुठं बर्फ पडून राह्यला? सपाट स्लॅब टाकायचा, वर पाण्याची टाकी." स्वतःचं घर काही त्यांना जमलं नाही. तरी ऐटीत सांगायचे, "लोक म्हणतात घर पाहावं बांधून. मी तर दरसाल बांधतो!"

भट्टी गल्लीतल्या बेकरीवाल्या चाचांची. पाव निघाले की उरलेल्या धगीवर ते आमचे ट्रे सरकवायचे. भिंती गुळाच्या पाकाने जोडायच्या, रात्रभर वाळू द्यायच्या आणि छप्पर बसवण्याआधी घरातल्या प्रत्येकाचं एकेक बिस्किटाचं माणूस आत ठेवायचं. पप्पा, आई, मी. छप्पर बसलं की माणसं दिसत नसत. मग ठेवायची कशाला, म्हणून लहानपणी मी भोकाड पसरायचे.

"दिसत न्हाईत, पण घरात हायेत ना? मंग झालं," पप्पा म्हणायचे.

गेल्या डिसेंबरात त्यांना मोरीपर्यंत जातानाही धाप लागत होती. यंदा राहू द्या, मी म्हटलं. पण ऐकतील तर ते पप्पा कसले! उशीला टेकून त्यांनी भिंती जोडल्या, पाक मी ढवळला. दुसऱ्या दिवशी छप्पर बसायचं होतं. पहाटेच ते गेले.

दुखवट्याच्या घरात पहिल्या सणाला गोड करत नाहीत, शेजारी आणून देतात. नाताळच्या सकाळी शेवया आल्या, करंज्या आल्या. चाचा आले ते ट्रेमध्ये छप्पर घेऊन. ते त्यांच्याकडेच राहिलं होतं. "भाभी, त्यांचं काम अधुरं नको राहायला," ते म्हणाले.

ते उघडं घर मला बघवत नव्हतं. मी घाईने पाक गरम केला. आत पाहिलं तर दोनच माणसं: पदर घेतलेली आई आणि मी. मी चाळिशीला टेकले तरी पप्पांच्या हिशेबी दोन वेण्यांचीच. तिसरं कुठं गेलं? पलंगाखाली वाकून पाहिलं, खिडकीमागे पाहिलं, मुंग्यांनी नेलं म्हणून मुंग्यांवर डाफरले.

चाचा खाली बघत म्हणाले, "बेटा, नको शोधू. भाजायचे ट्रे न्यायला आलो तेव्हा मी विचारलं त्यांना, तिसरं कुठंय? तर म्हणले, औंदा दोनच."

म्हणजे त्यांना माहीत होतं. आणि आम्ही दोघी रोज त्यांना 'बरे व्हाल, बरे व्हाल' करत बसलो होतो. मला त्यांचा इतका राग आला की पातेलं ओट्यावर आपटलं आणि तिथंच रडत बसले.

आई उठली, माझ्यासमोरून छपराचा ट्रे उचलला आणि कपाटावर ठेवून दिला.

"छप्पर नको बसवू," ती म्हणाली. "त्यांचं आत यायचं राह्यलंय."