मी ‘केला’ म्हणाले

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगते आहे — ते मलाही नीट ठाऊक नाही. घरात सगळं सुखाचं चाललंय. माझी पूर्वा चंद्रपूरला कॉलेजात आहे, कबड्डी खेळते, हसते तेव्हा घरभर ऐकू येतं. मग जुनं कशाला उकरायचं?

पूर्वाला लहानपणी दमा होता. डॉक्टरांनी तोंडानं ओढायचे दोन पंप दिले — एक रोजचा, एक अचानक दम लागला तर. मी खाणीच्या माजरीची. कोळशाच्या धुळीत वाढलेली, माझे वडील पंप घ्यायचे. मला त्याचं भय नव्हतं. सासूबाईंना होतं.

“पंपाची सवय लागते वो. उद्या पोरीले कोण करून घेईल?”

त्या वाईट नव्हत्या, हे आधी सांगते. मार्कंड्याच्या महादेवाला नवस बोलून त्यांनी नातीसाठी भात सोडला. धानानं भरलेल्या घरात ही बाई ज्वारीची भाकर खायला लागली. तिच्यापुढं मी पंपासाठी कुठल्या तोंडानं भांडणार होते?

मी भांडले नाही. पंप गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवले. सकाळी शेणाला जाताना पूर्वाला सोबत न्यायची आणि रोजचा पंप द्यायची. “आजीले सांगू नको,” म्हणायची. पोरीचा श्वास मोकळा झाला. सासूबाईंचे डोळे भरून आले — “देवानं आयकलं.” मी हो म्हणाले. कुणाचं काय बिघडत होतं?

इतकंच असतं, तर मी हे लिहिलं नसतं.

आमच्या गल्लीतली सुनंदा. तिच्या लेकीला, खुशीला, तोच त्रास, तेच डॉक्टर, तेच पंप. एका दुपारी ती आली. सासूबाई शेजारीच तांदूळ निवडत होत्या.

“वैनी, पूर्वाले आता दम लागत नाई. काय केलं जी तुम्ही?”

“मार्कंड्याचा नवस.”

“मंग पंप बंद केला?”

फाटकापर्यंत सोडायला म्हणून तिच्याबरोबर जाता आलं असतं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर सांगता आलं असतं. मी — “केला,” म्हणाले. सासूबाईंनी कौतुकानं माझ्याकडं पाहिलं, आणि खरं सांगू? ते मला आवडलं.

सुनंदानं नवस बोलला. पंप बंद केले.

मळणीच्या दिवसांत, भुसा उडत होता तेव्हा, खुशीचा श्वास अडकला. सुनंदाची हाक ऐकून मी गेले — पोरीचे ओठ निळे पडलेले. मी गोठ्याकडं पळाले, अडचणीचा पंप आणला, सगळ्या गल्लीसमोर तिला दिला. मग जीप, दवाखाना. पोरगी वाचली.

“तुमच्याकडं पंप कुठून, वैनी?” सुनंदानं दवाखान्यात विचारलं.

“जुना पडून होता.” हे खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

त्यानंतर सासूबाईच म्हणाल्या, “नवस बी राहू दे, पंप बी राहू दे. दोन्ही देवानंच देल्ले.” पूर्वाचा रोजचा पंप स्वयंपाकघरातल्या फळीवर आला. आजीच तिला आठवण करून द्यायची, “घेतला का वो?” खुशीचाही पुन्हा सुरू झाला. आता दोघी पोरी धडधाकट आहेत. सासूबाई भात मात्र अजून खात नाहीत — देवाला दिलेला शब्द, म्हणतात. त्यांच्या ताटात मी गरम भाकर वाढते, त्या आनंदानं जेवतात.

त्या मळणीनंतर, खुशी बरी झाल्यावर, सुनंदानं मला घरी बोलावलं. पाटावर बसवलं, कुंकू लावलं. “तुमच्यामुळं पोरगी वाचली, वैनी,” म्हणाली, आणि माझी ओटी भरायला वाकली. बायका बघत होत्या. खुशी तिच्या आईच्या पाठीशी उभी होती.

तिचा पंप माझ्या खोट्या शब्दावर बंद झाला होता. हे त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं.

मी पदर पसरला.