सत्तार रेफरीचा अहवाल

बावीस खेळाडू अंगावर धावून आले तरी अब्दुल सत्तारच्या शिट्टीचा आवाज कधी कापला नाही. एका फोनपुढे मात्र त्याची शिट्टी चालली नाही.

सत्तार अमरावतीतला टेलर, आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉलचा रेफरी. व्यावसायिक क्लबांच्या लीगने बिल्ला दिला, तो त्याने स्वतःच काळ्या जर्सीवर शिवला आणि मोहल्लाभर दाखवत फिरला. त्या वर्षांत आमच्याकडच्या पेपरांची पहिली पानं शेतकऱ्यांच्या मरणाने भरलेली असत. फुटबॉलला कोण विचारतो! सामन्यांवर सट्टा लावणाऱ्या लबाडांना रान मोकळं होतं.

अकोल्याच्या सामन्यात गोलकीपरने हळू आलेला चेंडू पायांमधून जाऊ दिला. एकदा नाही, दोनदा. सत्तारने अहवालात लिहिलं, 'गोल मुद्दाम होऊ दिले. चौकशी व्हावी.' पूर्वी असा कागद पोस्टात टाकला की काम संपायचं. पण लीगला संगणकाचं भारी खूळ लागलं होतं. अहवाल वेबसाइटवरच भरायचा, दुसऱ्या दिवशी सहा वाजेपर्यंत तो बदलता येणार, मग कायमचा बंद. जुन्या सवयीने सत्तारने आधी कार्बन लावून कागदावर लिहिला. मग त्याची मुलगी उज्मा हिने गल्लीतल्या नेट कॅफेत बसून भरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. हरलेल्या क्लबचा मॅनेजर सूर्यभान बोलत होता. त्याने सत्तारचा अहवाल अक्षर न् अक्षर वाचून दाखवला.

"ते चौकशीचं तेवढं काढून टाका, सत्तारभाई. नाही तं आमीच काढतो."

 उज्माला घेऊन सत्तार कॅफेत धावला. कॅफेचा मालक धर्मेंद्र मोठा परोपकारी गडी! गल्लीतल्या सगळ्यांची खाती त्यानेच उघडलेली. लोक विसरतात म्हणून पासवर्ड एका रजिस्टरात लिहून ते काउंटरवर ठेवलेलं, वर दोरीने पेन बांधलेलं. ही सोय सत्तारलाही फार आवडली होती.

"हे कोणीबी पायते का रे?" सत्तारने विचारलं.

"पायतेच ना काका. त्याच्यासाठीच तं ठेवलं."

उज्माने पासवर्ड टाकला. चुकीचा. पुन्हा टाकला. चुकीचा. तिसऱ्यांदा खातंच बंद झालं. नवा पासवर्ड हवा तर ओटीपी लागणार, आणि तो जाणार धर्मेंद्रच्या नंबरवर, कारण खातं उघडलं तेव्हा सत्तारकडे मोबाइल नव्हता.

"तो नंबर तं मी मागच्या साली बंद केला," धर्मेंद्र म्हणाला.

लीगच्या ऑफिसात फोन लावला. तिथली बाई म्हणाली, "तक्रार तुमच्या खात्यातूनच पाठवा." आता काय कपाळ बडवायचं! बोलता बोलता भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजले.

आठ दिवसांनी लीगचं पत्र आलं. एकही तक्रार नसलेल्या स्वच्छ अहवालाबद्दल शाबासकी, आणि फायनलचे रेफरी म्हणून अब्दुल सत्तार यांची नेमणूक. मागोमाग सूर्यभानचा फोन.

"मुबारक! आता तुमी आपलेच. आन् पोरीच्या परीक्षेच्या फॉर्मचा पासवर्डबी त्याच रजिस्टरात हाये ना?"

 मैदानात सत्तारने काहीही पाहिलं तरी कागदावर त्याच्या नावाने हेच लोक बोलणार होते. आणि आता पोरगीही त्यांच्या तोंडी आली होती.

त्याने उज्माला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "माझा पासवर्ड मी त्याच दिवशी बदलला, अब्बा. माझी काळजी नका करू. तुमी ते कार्बनचं पाठवा."

सत्तारने जर्सी मांडीवर घेतली आणि बिल्ल्याचे टाके उसवायला बसला. त्याचेच टाके, पक्के घातलेले. ब्लेड दोनदा बोटात गेलं. कार्बनची प्रत आणि बिल्ला लीगच्या नावाच्या पाकिटात घालून तो पोस्टात गेला, रजिस्टर करायला.

पाठवणाऱ्याच्या जागी तो वर्षानुवर्षं 'अब्दुल सत्तार, रेफरी' असं लिहीत आला होता. आज त्याने 'अब्दुल सत्तार, टेलर' असं लिहिलं, आणि खाली दुकानाचा पूर्ण पत्ता दिला.